चिठ्ठीत निघालेली गावं

1999 साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्याच्या खेड्यांत एक अभ्यास सुरू झाला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बाया त्यात होत्या. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या ल्योनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर वेळेत पकडून बाईचा जीव वाचवायला कुठली तपासणी खरोखर उपयोगी पडते, हा प्रश्न होता. उत्तर एप्रिल 2009 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आलं आणि देशोदेशींच्या आरोग्य धोरणांपर्यंत पोचलं.

आता दुसरी गोष्ट. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशात 30 ते 49 वयाच्या शंभर बायांतल्या दोघींचीही ही तपासणी आयुष्यात एकदा झालेली नव्हती. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मला स्वस्थ बसवत नाही. म्हणून हा संवाद लिहिला आहे. यातल्या दोघी मी घडवलेल्या आहेत. आकडे आणि संस्था खऱ्या आहेत. एक आत्या, लोहारा तालुक्यातून निवृत्त झालेली आरोग्यसेविका. दुसरी तिची भाची, लोहाऱ्यात शिक्षिका, वय अडतीस. तिची तपासणी कधी झालेली नाही, आणि करून घ्यायची तिची इच्छाही नाही.

भाची : आत्या, मला काही होत नाही. पाळी वेळेवर येते, अंगावरून जात नाही, कंबर दुखते ती उभं राहून शिकवल्यानं. मग तपासणी कशापायी करायची?

आत्या : काही होत नाही तेव्हाच करायची असती ही. संबंधानंतर लाल दिसलं, घाण वासाचं पाणी जायला लागलं, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जायला लागलं, तर बाई मी न सांगता दवाखान्यात जाईल. पण तोवर बहुतेकदा उशीर झालेला असतो.

भाची : आमच्या गल्लीतल्या काकू न सांगता गेल्या नाहीत. पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, परत लाल दिसलं. पाळी उलटून आली असं त्या म्हणायच्या. लेकीलासुद्धा कळू दिलं नाही. घरच्यांना कळलं तेव्हा लघवीची वाट बंद व्हायला लागली होती.

आत्या : हेच. हा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. त्याचे प्रकार पुष्कळ आहेत. त्यातल्या 16 आणि 18 नंबरच्या दोन प्रकारांमुळंच शंभरातले साधारण सत्तर कॅन्सर होतात. बहुतेक बायांच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपला आपण निघून जातो. ज्यांच्यात मुक्काम करून राहतो त्यांच्या पिशवीच्या तोंडाच्या पेशी बदलायला लागतात. त्या बदलापासून कॅन्सरपर्यंत पंधरा-वीस वर्षं जातात. इतका वेळ देणारा कॅन्सर दुसरा कुठला आहे सांग मला.

भाची : विषाणू येतो कुठून?

आत्या : नवरा-बायकोच्या संबंधातून.

भाची : मग हे गावात सांगून बघ. 'विषाणू आहे' असा कागद बाईच्या हातात पडला की घरात पहिला प्रश्न काय विचारतील? कुठून आणलास? कॅन्सर लांब राहिला, बाई आधी माहेरी जाईल.

आत्या : म्हणून तर नीट सांगावं लागतं. हा विषाणू इतका सर्रास आहे, की लग्न झालेल्या बहुतेक सगळ्यांना, बाया असोत की पुरुष, कधी ना कधी त्याची लागण होतेच. कितीतरी वर्षांपूर्वीचा असू शकतो. नवऱ्याकडून आलेला असतो आणि नवऱ्याला पत्ताही नसतो. त्या कागदावरून कुणाचं वागणं ठरत नाही. हे वाक्य मी सेविका असताना सासूसमोर म्हणायचे, नवऱ्यासमोर म्हणायचे. एकट्या बाईच्या कानात सांगून उपयोग नसतो.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो आणि आरोग्य खात्याच्या भित्तिपत्रकांवर तो मला कधी दिसलेला नाही. तिथं 'लवकर निदान' असतं. निदान झाल्यावर घरात काय होईल, याचा विचार बाई आधी करते. ती अडाणी असते म्हणून नव्हे. घर तिला माहीत असतं म्हणून.

भाची : बरं, तेही सोड. खरी भीती दुसरीच आहे. आपल्याकडं बाई पांढऱ्या पाण्याची तक्रार घेऊन खासगी दवाखान्यात गेली की काय होतं? सोनोग्राफी होते, 'पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल' असं ऐकवतात, आणि पिशवी काढतात. पस्तिशीच्या बायांची काढली. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांचं प्रकरण 2019 ला गाजलं. सरकारी पाहणीत 82,309 बायांना विचारलं, 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांनाही कॅन्सरचीच भीती घातली होती ना? आणि तू मला त्याच कॅन्सरच्या तपासणीला चल म्हणतेस.

आत्या : (थोडा वेळ गप्प राहून) ही भीती खोटी नाही. पण नीट बघ. त्या बायांची पिशवी काढली तपासणी न करता. पिशवीच्या तोंडाचा पाण्याचा थेंबसुद्धा घेतला नाही. सोनोग्राफीत पिशवीच्या तोंडाच्या पेशी बदलल्यात का हे दिसत नाही, पोरी. पांढरं जाणं हे पुष्कळदा जंतुसंसर्गाचं असतं, आठवड्याच्या गोळ्यांनी जातं. खरी तपासणी झाली असती तर त्यातल्या कितीतरी बायांना घरी पाठवता आलं असतं, तुला काही झालं नाही असं सांगून.

भाची : म्हणजे तपासणीनं पिशवी वाचते असं म्हणायलीस?

आत्या : तेच म्हणायली. कॅन्सरच्या आधीचा बदल सापडला तर त्या जागेपुरता इलाज असतो. गार वायूनं ती जागा गोठवतात, नाहीतर उष्णतेनं जाळतात. काही मिनिटांचं काम, पोट फाडावं लागत नाही, बाई त्याच दिवशी घरी येते. बदल जास्त खोल असेल तर तारेच्या वेटोळ्यानं तेवढा भाग काढतात. पिशवी जागेवर राहते. कुणी तुला तपासणीचा कागद न दाखवता पिशवी काढू म्हणालं, तर उठून यायचं.

भाची : हे तू सांगतेस. दवाखान्यात हे कोण सांगतं?

या प्रश्नावर आत्याकडं उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडंही नाही. मराठवाड्यात गर्भाशय काढण्याचा धंदा ज्या कॅन्सरच्या भीतीवर चालला, त्याच भीतीमुळं बाया आता खऱ्या तपासणीपासून लांब राहतात. एका अन्यायानं दुसरा अन्याय सोपा केला. तपासणीची मोहीम काढणाऱ्यांनी बायांच्या 'अज्ञाना'वर बोलण्याआधी या विश्वासघातावर बोलायला हवं.

पुढं बोलणं जिल्ह्यातल्या त्या मोठ्या अभ्यासावर आलं. तो विषय भाचीनंच काढला, आणि तिचा आवाज चढला.

भाची : मी तो पेपर वाचलाय आत्या. नेटवर आहे. आपल्या जिल्ह्यातल्या गावांचे 52 गट केले. चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं, कुठल्या गावातल्या बायांची कुठली तपासणी करायची. एका भागात एचपीव्हीची, दुसऱ्यात पेशी काचेवर घेऊन तपासायच्या पॅप स्मिअरची, तिसऱ्यात व्हिनेगर लावून बघायची. आणि चौथ्या भागातल्या 31,488 बायांची काहीच नाही. आठ वर्षं बघत राहिले. त्या चौथ्या भागात 64 बाया या कॅन्सरनं गेल्या. मोजल्या, छापल्या. ह्याला काय म्हणायचं?

आत्या : तू अर्धंच सांगितलंस. त्यांना माहिती दिली होती, लक्षणं सांगितली होती, तपासणी करायची असेल तर कुठं जायचं तेही सांगितलं होतं. त्या काळात आपल्याकडं तपासणीचा सरकारी कार्यक्रमच नव्हता. ज्या गावांत अभ्यास पोचला नाही तिथल्या बायांना तेवढंही मिळालं नाही.

भाची : सांगितलं आणि केलं यात फरक आहे. पॅप स्मिअरनं कॅन्सर कमी होतो हे अमेरिका-युरोपात अनेक दशकं माहीत होतं. तिथं कुठल्या बाईला 'तुला काहीच करणार नाही, फक्त बघणार' असं म्हणता आलं असतं? हे मी एकटी म्हणत नाही. अमेरिकेतल्या एरिक सुबा नावाच्या डॉक्टरांनी उस्मानाबाद, मुंबई आणि तमिळनाडूतल्या दिंडीगुलच्या अभ्यासांवर तिथल्या सरकारकडं तक्रार केली. आपल्या 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये त्यावर वाद झाला. गरीब जिल्ह्यातल्या बाया म्हणून हे चाललं.

आत्या : युरोपात पॅप चाललं ते तिथं दर काही वर्षांनी बाई पुन्हा येते म्हणून, काच तपासायला माणसं आहेत म्हणून. आपल्याकडं ते चाललं असतं का? त्या काळी आपल्या जिल्ह्यात पॅपची काच वाचणारा पॅथॉलॉजिस्ट कुठं होता? एकदाच तपासणी करता येणार असेल तर कुठली करावी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि निकाल बघ ना. पॅपच्या गटात 54 मृत्यू. व्हिनेगरच्या गटात 56. काहीच न केलेल्या गटात 64. बायांची संख्या कमी-जास्त धरून हिशोब केला तर पॅप आणि व्हिनेगरचा फरक टिकला नाही. एचपीव्हीच्या गटात 34,126 बाया, मृत्यू 34. जवळजवळ निम्मे.

भाची : पण त्या गटात कॅन्सर जास्त सापडले. 127. आपल्या बिनतपासणीच्या गटात 118. हे कसं?

आत्या : शोधलं की सापडतं. कुठल्या टप्प्यावर सापडलं ते बघ. 127 पैकी 39 जणींचाच पुढं गेलेला होता. बिनतपासणीच्या 118 पैकी 82 जणींचा. तुमच्या गल्लीतल्या काकू कशात बसतात ते तूच सांग.

(भाची काही बोलली नाही.)

आत्या : आणि मला जी गोष्ट सगळ्यात भारी वाटली ती ही. एचपीव्हीची तपासणी एकदा निगेटिव्ह आली त्या बायांना पुढच्या वर्षांत कॅन्सर होण्याचं प्रमाण लाखात चारही नाही. पॅप किंवा व्हिनेगर निगेटिव्ह आलेल्या बायांत त्याच्या चौपट. म्हणजे पस्तिशीत एकदा केली, निगेटिव्ह आली, तर पाच-दहा वर्षं बाई निवांत. दर वर्षी चकरा नाहीत. आपल्या बायांना दुसरं काय पाहिजे? मजुरी बुडवून कितीदा यायचं त्यांनी?

भाची : हे उत्तर चांगलं आहे, नाही म्हणत नाही. पण ते मिळवायला 64 जणींचा हिशोब लागला, ते तू विसर म्हणतेस.

आत्या : विसर नाही म्हणत. मी सेविका होते, कुठल्या घरातली बाई कशानं गेली ते मला तुझ्यापेक्षा जास्त आठवतं. आपल्याकडच्या मोठ्या भूकंपानंतर सास्तूरला पत्र्याच्या शेडमध्ये बाळंतपणं केलीत मी. तेव्हा कितीजण आले, फॉर्म भरून नेले, फोटो काढून गेले. परत फिरकले नाहीत. पण बार्शीची माणसं तशी नव्हती. 1987 पासून बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांत गावोगाव जाऊन ते कॅन्सरची नोंद ठेवत होते, देशातली खेड्यांची पहिली नोंदणी ती. तिथल्या हॉस्पिटलचे डॉ. नेने आणि त्यांची माणसं बायांना दवाखान्यात नेऊन इलाजही करायची. ज्या तीन गटांत तपासणी ठेवली होती तिथं पाचातल्या जवळजवळ चार बाया आल्या. बाया येत नाहीत असं म्हणतात ना सगळे? नीट बोलावलं की येतात.

हा वाद कुठं मिटतो? माझ्या मते चौथा गट ठेवण्याचा निर्णय आज कुणी घेऊ शकणार नाही आणि घेऊ नये. तेव्हाही त्यावर जिल्ह्यातल्या बायांशी, त्यांच्या पंचायतींशी उघड चर्चा व्हायला हवी होती. पण भाचीच्या रागाची दिशा मला अपुरी वाटते. अभ्यासात काय केलं यापेक्षा अभ्यास संपल्यावर काय केलं नाही, हा प्रश्न मोठा आहे. जुलै 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट सांगितलं, की पहिली तपासणी एचपीव्हीची करा. व्हिनेगर किंवा पॅपची नको. त्या शिफारशीमागच्या पुराव्यात उस्मानाबादच्या बायांचा मोठा वाटा आहे. आणि आपल्या सरकारनं 2016 मध्ये 30 ते 65 वयाच्या बायांसाठी जो कार्यक्रम आखला त्यात तपासणी ठेवली ती व्हिनेगरची. ज्या जिल्ह्यानं जगाला उत्तर दिलं, त्या जिल्ह्याच्या उपकेंद्राला ते उत्तर लागू झालं नाही.

भाची नेमकी तिथंच पोचली.

भाची : मग आता तू मला कुठल्या तपासणीला चल म्हणायलीस? व्हिनेगरच्याच ना? तुझ्याच अभ्यासात जी उपयोगाची ठरली नाही?

आत्या : त्या अभ्यासात नाही ठरली. दिंडीगुलला ठरली. तिथं एकदाच व्हिनेगरनं तपासलं आणि मृत्यू शंभराला पस्तीसनं कमी झाले. मुंबईच्या वस्त्यांत टाटानं साध्या शिकवलेल्या बायांकडून दर दोन वर्षांनी करून घेतली, मृत्यू एकतीस टक्क्यांनी कमी झाले. व्हिनेगरची तपासणी डोळ्यावर आहे. तोंडाला द्रावण लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा चट्टा उठतो का बघायचं. बघणारीचा हात बसलेला असेल तर चांगली होते, नसेल तर सगळंच पांढरं दिसतं. तिथल्या तिथं उत्तर मिळतं, खर्च काही नाही, हा तिचा गुण. एचपीव्ही मिळत असेल तर मी तीच कर म्हणेन. मिळत नाही तोवर काहीच न करता बसणं, म्हणजे तू स्वतःहून चौथ्या गटात जाऊन बसलीस.

भाची : हे तू जरा लागेल असं बोललीस.

आत्या : लागावं म्हणूनच बोलले.

भाची : समजा केली आणि 'पॉझिटिव्ह' निघाली. मी झोपेन का रात्री? दोन लेकरं आहेत मला.

आत्या : पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. आपल्याच जिल्ह्यातले आकडे घे. एचपीव्ही तपासलेल्या शंभर बायांत साधारण दहा पॉझिटिव्ह निघाल्या. त्या दहा जणींची दुर्बिणीतून पाहणी केली, तुकडा तपासला. कॅन्सरच्या आधीचा, इलाज करावा असा बदल निघाला एकीत. व्हिनेगरला तर शंभरात चौदा पॉझिटिव्ह निघाल्या, आणि असा बदल निघाला त्यातल्या एकीतही धड नाही. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या बहुतेक जणींना पुढची पाहणी झाल्यावर 'काही नाही, जा' असंच ऐकायला मिळतं.

भाची : मग बाकीच्या जणींना उगीच घोर लावायचा?

आत्या : लागतो थोडा. तो खोटा नाही म्हणत मी. म्हणून पॉझिटिव्ह आल्या दिवशीच पुढची तारीख आणि जागा हातात पाहिजे. बाई पंधरा दिवस घोर सोसेल. कुठं जायचं हेच कळलं नाही तर मात्र ती घोर घेऊन घरी बसते, आणि ज्या एकीला खरंच इलाज हवा होता तीही त्यांच्यात बसते. मी बघितलंय असं.

इथं आत्याच्या बोलण्यात जे आलं ते मोहिमांच्या अहवालांत हरवतं. अहवालात किती बायांची तपासणी झाली हा आकडा असतो. त्यातल्या किती पॉझिटिव्ह बाया पुढच्या पाहणीपर्यंत पोचल्या, हा आकडा विचारला पाहिजे. तपासणी स्वतः कुणाचा जीव वाचवत नाही, पुढचा इलाज वाचवतो. लोहाऱ्याच्या बाईला दुर्बिणीच्या पाहणीसाठी जिल्ह्याच्या गावी किंवा थेट बार्शीला जायचं तर एसटी, दिवसाची मजुरी, सोबत कुणीतरी आणि घरी स्वयंपाकाची सोय, एवढं सगळं जमवावं लागतं. सोयाबीनच्या काढणीत तर ती जाणारच नाही. कॅन्सरच निघाला तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून इलाजाचा खर्च निघतो, पण तिथवर पोचायचा खर्च आधी बाईलाच उभा करावा लागतो.

भाची : आणि लाज? टेबलावर झोपायचं, पाय वर, कुणीतरी बघणार. बाळंतपणात ते झालं, तेव्हा वेदनेत काही कळत नाही. धडधाकट असताना हे कसं करायचं?

आत्या : पुरुष डॉक्टरची गरज नाही. शिकलेली सिस्टर करते. पडदा पाहिजे, दार लावलेलं पाहिजे, एका वेळी एकच बाई आत पाहिजे. तू हक्कानं माग. आणि एचपीव्हीसाठी तर तेही लागत नाही. बाई स्वतः बाथरूममध्ये जाऊन कापसाची लांब काडी आत फिरवते आणि डबीत घालून देते. तो नमुनाही चालतो, जागतिक संघटनेनं मान्य केलाय. आपल्या बायांसाठी यापेक्षा सोयीचं काय असणार? अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्याच बायांना शिकवून भारतवैद्य केलं होतं. गावातली बाई समोर आली की बाया बोलायच्या. काडीची डबी आशाताईनं घरी नेऊन दिली तर सासूसुद्धा करेल.

भाची : लेकीचं काय? ती तेरा वर्षांची आहे. लशीचं चाललंय सगळीकडं. मला तेलंगणातल्या खम्ममचं आठवतं. तिथं लस दिलेल्या काही मुली गेल्या आणि 2010 मध्ये कार्यक्रम बंद पडला.

आत्या : ते झालं तेव्हा आंध्रच होतं ते. त्या मुलींचे मृत्यू लशीनं झाले असं चौकशीत निघालं नाही. पण पालकांची संमती नीट घेतली नव्हती, वसतिगृहाच्या माणसांनी सह्या केल्या होत्या. संसदेच्या समितीनं 2013 मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले, आणि ते बरोबरच होतं. लशीचं म्हणशील तर याच गोंधळातून एक मोठी गोष्ट निघाली. तेव्हा आपल्याकडं दुसरा एक अभ्यास चालू होता, त्यात बार्शीही होती, पुणंही होतं. तोही थांबवला. त्यामुळं हजारो मुलींना ठरलेल्या दोन-तीन डोसांऐवजी एकच डोस मिळाला. दहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, तर एका डोसनं 16 आणि 18 नंबरच्या चिकट लागणीपासून पंचाण्णव टक्के संरक्षण टिकलेलं निघालं. 2022 मध्ये जागतिक संघटनेनं एक डोस पुरे असं मान्य केलं. आता पुण्याच्या सीरमचीही लस आहे. संबंध सुरू व्हायच्या आधी, 9 ते 14 वयात द्यायची.

भाची : मग ती मी देईन. वाचून, विचारून, माझ्या सहीनं देईन.

आत्या : दे. पण लेकीला लस दिली म्हणून आईची तपासणी झाली असं नाही. लस तुझ्या फारशा उपयोगाची नाही आता. आणि मोठी झाल्यावर तिलाही तपासणी चुकणार नाही, सगळे प्रकार लशीत नसतात.

लशीवर एवढंच. लशीचा फायदा दिसायला वीस वर्षं जातील. आज तिशी ते साठीत असलेल्या बायांसाठी तपासणीशिवाय दुसरा मार्ग नाही, आणि आपल्या देशात वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास बायांना हा कॅन्सर होतो, सत्तर हजारांहून जास्त जणी मरतात. लशीच्या बातमीत या बायांचा विसर पडू नये.

भाची : आत्या, मी शाळेतल्या बाकीच्या बायांशी बोलते. पण मी नुसती 'शिबिराला चला' म्हणून सांगणार नाही. आधी आरोग्य केंद्राला लेखी विचारणार. तपासणारी बाई असणार का. निकाल कागदावर देणार का, की तोंडी सांगून पाठवणार. पॉझिटिव्ह निघाली तर कुणाकडं, कुठल्या दिवशी जायचं. आणि एचपीव्हीची तपासणी या जिल्ह्यात कधी देणार. हे विचारल्याशिवाय मी दुसऱ्या बाईला 'चल' म्हणणार नाही.

आत्या : विचार. मी नोकरीत असते तर मला राग आला असता. आता म्हणते, विचारच. आणि अर्ज ग्रामसभेतही वाच.

भाची : उत्तर आलं नाही तर?

आत्या : तरी तू तुझी तपासणी करून घे. अर्जाच्या उत्तरासाठी स्वतःचं अंग अडवून धरू नको.

भाची : (बऱ्याच वेळानं) पाळीत चालत नाही ना?

आत्या : नाही. थांबल्यावर चारेक दिवस जाऊ दे. येण्याच्या आधी दोन दिवस संबंध नको, आत कसलं औषध नको. आणि सासूबाईंना घेऊन ये.

भाची : त्यांची पाळी जाऊन पाच-सहा वर्षं झाली. त्यांना कशाला?

आत्या : पाळी गेली म्हणून सुटल्या असं नाही, तुमच्या गल्लीतल्या काकूंचं तूच सांगितलंस. पण त्यांच्या वयात ती जागा आत सरकते, व्हिनेगर लावून नीट दिसत नाही. त्यांना एचपीव्हीचीच लागणार. तो मुद्दा अर्जात शेवटी टाकू नको, पहिला लिही.